वेढ्याचं चित्र काढणारा झाक कालो

मोबाइल हातात असेलच, तर एक काम करा. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमचा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो. तिथं झाक कालो या चित्रकाराचं ब्रेडाच्या वेढ्याचं चित्र शोधा. सापडलं की लगेच झूम करू नका, आधी अख्खं चित्र बघा. सहा वेगवेगळ्या तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेले सहा कागद शेजारी शेजारी जोडले की हे एक चित्र होतं. उंची सुमारे सव्वा मीटर, रुंदी त्याहून थोडी जास्त. होस्टेलच्या खोलीत लावायचं ठरवलं तर एक भिंत गेलीच म्हणून समजा.

लांबून बघितलं तर हा चक्क नकाशा वाटतो. सपाट मुलूख, नद्या, वाटा, आणि त्यात कोनाकोनाच्या तटबंदीचं एक शहर. शहराभोवती वेढा घालणाऱ्या फौजेनं खणलेल्या खंदकांच्या आणि उभ्या केलेल्या बांधांच्या रेघा. सगळं कसं आखीवरेखीव, शांत. आता झूम करा आणि हळूहळू चित्राच्या खालच्या बाजूला सरका. नकाशाचं बघता बघता मैदान होतं. घोडे येतात, तंबू येतात, सामानाच्या गाड्या, टोप्यांवर पिसं खोवलेले अधिकारी, पोरं कडेवर घेतलेल्या बायका, पत्ते कुटणारे शिपाई. वर जमीन आकाशातून दिसते आणि खाली तुम्ही त्याच जमिनीवर उभे असता. ड्रोननं काढलेला फोटो आणि हातातल्या मोबाइलवर काढलेला फोटो एकाच फ्रेममध्ये बेमालूम जोडावेत, तसं काहीसं. हे सगळं 400 वर्षांपूर्वी, विमान सोडा, उडता फुगासुद्धा कुणी पाहिला नव्हता तेव्हा.

हे चित्र काढणारा माणूस त्याच्या काळातला मोठा स्टार होता. राजेराण्या त्याला बोलावून घ्यायच्या आणि आमचा विजय काढून दे म्हणायच्या. त्यानं तो काढूनही दिला, एकदा नाही, अनेकदा. मग एक दिवस वेढा त्याच्याच गावाला पडला.

झाक कालोचा जन्म 1592 चा, गाव नॅन्सी. आज नॅन्सी फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा लोरेन नावाचं स्वतंत्र संस्थान होतं आणि नॅन्सी ही त्याची राजधानी. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मन मुलूख, आणि मधे अंग चोरून बसलेलं हे लोरेन. अशा ठिकाणी राज्य करणाऱ्याला रोज सकाळी उठून आज कुणाशी गोड बोलायचं, याचा हिशोब करावा लागतो. कालोचे वडील याच दरबारात होते. घराण्यांची मानचिन्हं, समारंभ, कोण कुणाच्या पुढे चालणार, या सगळ्याची व्यवस्था बघणं हे त्यांचं काम. मुलगाही अशाच एखाद्या अब्रूदार नोकरीत चिकटावा, असं त्यांना वाटत असणार. मुलाला मात्र चित्रं काढायची होती. (ओळखीचं वाटतंय ना?)

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. बारा वर्षांचा असताना तो घरातून पळाला, जिप्सींच्या एका तांड्याबरोबर चालत इटलीला गेला, तिथं ओळखीच्या व्यापाऱ्यांना सापडला आणि घरी परत आणला गेला. गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळानं लिहिली गेली, त्यामुळे तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. एवढं मात्र खरं की पुढे त्यानं जिप्सींच्या प्रवासाची चार चित्रं केली आणि ती बघताना हा माणूस कधीतरी त्यांच्या मागून चालला असावा असं वाटत राहतं.

1607 मध्ये वडिलांनी त्याला नॅन्सीतल्या एका सोनाराकडे शिकायला ठेवलं. पुढच्या सगळ्या गोष्टीला हे सोनारकाम फार महत्त्वाचं आहे. धातूवर बारीक काम करायची सवय, नजर आणि हात दोन्ही तिथं तयार झाले. तिथून तो रोमला गेला, एका फ्रेंच कोरणाऱ्याच्या हाताखाली दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला कोरत बसला. आणि साधारण विशीत तो फ्लॉरेन्सला पोचला. तिथं राज्य होतं मेदिची घराण्याचं.

मेदिचींना सोहळ्यांचं भारी वेड. लग्न असो, अंत्ययात्रा असो, नदीवर लुटुपुटूची लढाई असो, सगळं भव्य झालं पाहिजे आणि ते झालं हे जगाला कळलंही पाहिजे. कळणार कसं? छापून. सोहळा एका दिवसाचा, पण त्याचं छापलेलं चित्र शंभर दरबारांत पोचतं. 1614 पासून कालो कोसिमो मेदिची दुसरा याच्या पदरी पगारावर होता आणि तिथं त्यानं हा धडा गिरवला. सत्तेला नुसतं जिंकून चालत नाही, ती जिंकताना दिसावी लागते. मेदिची घराण्यातल्या एका पूर्वसुरीच्या पराक्रमांची चित्रमालिका करण्यातही त्याचा हात होता. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा असेल.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण त्याशिवाय ब्रेडाचं चित्र झालंच नसतं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उठवायच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे टोकदार पोलादी हत्यारानं थेट धातूत रेघ कोरायची. हे जिकिरीचं आणि संथ काम, आणि ते करायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. दुसरी रीत अशी की पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र काढायचं, म्हणजे जिथं जिथं सुई फिरली तिथला थर निघून तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल उघडं तांबं खातं आणि रेघेची खाच तयार होते. त्या खाचेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसायचा, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. ही रीत वेगवान, जवळजवळ कागदावर रेखाटन केल्यासारखी. पण तिची गोची अशी की मऊ थर केव्हाही कुठेही सुटतो, आम्ल नको तिथं शिरतं, आणि आठवड्यांची मेहनत एका डागानं वाया जाते.

कालोनं काय केलं? वाद्यं बनवणारे कारागीर लाकडावर जे व्हार्निश लावायचे, तसलं कडक व्हार्निश त्यानं मऊ थराऐवजी वापरायला सुरुवात केली. ते वाळून दगडासारखं होतं, सुटत नाही, आणि त्यावर अतिशय बारीक रेघ काढता येते. शिवाय तिरपं कापलेलं टोक असलेलं एक हत्यार त्यानं हाती धरलं. ते बोटांत फिरवलं की रेघ बारीक होत होत जाड होते आणि पुन्हा बारीक होते, अगदी बोरूनं लिहिलेल्या अक्षरासारखी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पत्रा आम्लात एकदाच न बुडवता त्यानं तो टप्प्याटप्प्यानं बुडवला. दूरच्या वस्तूंच्या रेघा थोड्या खाल्ल्या गेल्या की त्या झाकून टाकायच्या, मग पुन्हा आम्ल, मग मधल्या वस्तू झाकायच्या, पुन्हा आम्ल. शेवटी अगदी पुढच्या आकृत्यांच्या रेघा सगळ्यात खोल आणि सगळ्यात काळ्या. छापल्यावर दूरचा डोंगर फिकट आणि जवळचा माणूस ठसठशीत. रंग नाही, तरी कोसभर हवा चित्रात शिरते. टप्प्यानं आम्ल देणं आधीही काहींनी करून पाहिलं होतं, पण ते इतक्या हुकमीपणानं आणि इतक्या लहान आकारात कुणालाच साधलं नव्हतं.

याचा पुरावा हवा असेल तर त्याचं 1620 मधलं इम्प्रुनेताच्या जत्रेचं चित्र बघा. फ्लॉरेन्सजवळच्या एका गावातली जत्रा, आणि त्या एका कागदावर हजाराहून जास्त माणसं. प्रत्येकाचं काहीतरी चाललंय. कुणी भांडी विकतंय, कुणी भांडतंय, कुणी गुरं हाकतंय, कुणी नुसतंच बघत उभं आहे. आपल्याकडच्या जत्रेत हरवलेल्या माणसासारखं तुम्ही त्यात हरवता. गर्दी म्हणजे एक गोळा नसतो, गर्दी म्हणजे हजार वेगवेगळी माणसं असतात, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. लढाई काढणाऱ्याला ही जाण असणं किती गैरसोयीचं ठरू शकतं, ते पुढे येईलच.

1621 मध्ये कोसिमो वारला, दरबारानं खर्चाला कात्री लावली आणि कालोचा पगार गेला. तो नॅन्सीला परतला. तिथं त्याचं लग्न झालं, घर झालं, काम मिळू लागलं. या काळात त्यानं भिकाऱ्यांची एक मालिका केली आणि लोरेनच्या उमरावांची दुसरी. दोन्ही तितक्याच बारकाईनं. मला स्वतःला भिकाऱ्यांची जास्त आवडते, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा ब्रेडाचा. तेव्हा नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्धचं जुनं युद्ध पुन्हा पेटलं होतं. उत्तरेकडचे डच प्रांत स्पेनच्या राजाला जुमानत नव्हते आणि दक्षिणेकडचा भाग, म्हणजे साधारण आजचा बेल्जियम, स्पेनच्या बाजूनं इझाबेला सांभाळत होती. ही स्पेनच्या फिलिप दुसऱ्याची मुलगी. तिचा सेनापती अँब्रोजिओ स्पिनोला यानं ऑगस्ट 1624 मध्ये ब्रेडाला वेढा घातला. ब्रेडा म्हणजे डचांचं अभेद्य समजलं जाणारं शहर. तोफांनी तट फोडायच्या भानगडीत स्पिनोला पडलाच नाही. त्यानं शहराभोवती खंदक आणि बांधांचं कडं उभं केलं, आणि बाहेरून मदत येईल म्हणून त्या कड्याभोवती बाहेर तोंड करून दुसरं कडं. आतल्यांनी बाहेर यायचं नाही आणि बाहेरच्यांनी आत जायचं नाही. मग वाट बघायची. हिवाळा गेला. रसद तुटली, आजार पसरले. सोडवायला आलेल्या फौजा कड्यावर आपटून परत गेल्या. शेवटी जून 1625 मध्ये ब्रेडाचा किल्लेदार युस्टीन फान नासाव यानं शहर खाली केलं. स्पिनोलानं अटी उदार ठेवल्या. शिबंदीला झेंडे आणि शस्त्रांसकट मानानं बाहेर पडू दिलं. काही दिवसांनी इझाबेला स्वतः जिंकलेल्या शहरात आली.

स्पेनसाठी ही फार मोठी बातमी होती आणि ती सगळ्या युरोपात वाजवायची होती. स्पिनोलाच्या पदरच्या हेर्मान ह्यूगो या जेझुइट पाद्र्यानं वेढ्याचा लॅटिन इतिहास लिहिला. 1626 मध्ये तो अँटवर्पच्या प्रसिद्ध प्लान्टिन छापखान्यातून निघाला, मुखपृष्ठाची कल्पना खुद्द रुबेन्सची. पण पुस्तक वाचायला वेळ लागतो. भिंतीवर लावायला चित्र हवं होतं, एका नजरेत सगळा विजय दाखवणारं. इझाबेलानं कालोला बोलावलं.

त्या काळी वेढ्यांचे नकाशे हा तेजीतला धंदा होता, हे इथं सांगायला हवं. आम्सटरडॅमचे प्रकाशक शहर पडल्याची बातमी येते न येते तोच नकाशा छापून बाजारात आणायचे. कोणता मोर्चा कुठे, कोणत्या सरदाराची छावणी कुठे, आकडे टाकून खाली यादी. लोक ते विकत घ्यायचे, जसं आज तुम्ही मॅचनंतर ग्राफिक बघता तसे. दोन्ही बाजू हेच करत होत्या. आणि अशा नकाशाची ताकद अशी की तो प्रचार वाटतच नाही. नकाशा म्हणजे मोजमाप, नकाशा म्हणजे विज्ञान. चित्रकार खोटं रंगवेल, पण नकाशा कशाला खोटं बोलेल? नकाशा खोटं बोलतच नाही मुळी. काय दाखवायचं आणि किती मोठं दाखवायचं, एवढंच तो ठरवतो.

कालो ब्रेडाला गेला, जागा फिरून पाहिली, लष्करी इंजिनिअरांचे आराखडे घेतले. मग नॅन्सीला बसून त्यानं सहा पत्र्यांवर काम केलं. आणखी एक भानगड लक्षात घ्या. छापताना चित्र आरशासारखं उलटं होतं. जत्रा उलटी झाली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण नकाशात नदी उजवीकडची डावीकडे गेली तर सगळे सेनापती हसतील. म्हणजे सबंध ब्रेडा, कड्यांसकट, सहा पत्र्यांवर तंतोतंत उलटं काढायचं, असं की कागद जोडल्यावर प्रत्येक रेघ शेजारच्या कागदावरच्या रेघेला भिडली पाहिजे. 1628 मध्ये ते छापून झालं, त्याच प्लान्टिन छापखान्यात.

आता पुन्हा ते चित्र उघडा आणि यात प्रचार कुठे आहे ते शोधा. स्पेनचा जयजयकार करणारे देवदूत शोधायची गरज नाही, तो शोध चुकीच्या जागी होईल. तो बघा त्या खंदकांच्या रेघांमध्ये. एवढा मोठा मुलूख आणि त्यावर एकाच इच्छेनं आखलेलं एवढं मोठं कडं. बघणाऱ्याला आपोआप वाटतं की हे सगळं अटळच होतं, शहर पडणारच होतं. शिवाय तुम्ही कुठून बघताय? आकाशातून, आणि वेढा घालणाऱ्यांच्या बाजूनं. तुमच्या पायाशी आहे ती स्पेनची छावणी. शहर दूर, छोटं, एखाद्या पदकावरच्या नक्षीसारखं. नऊ महिने त्या नक्षीच्या आत लोक काय खात होते, कोण मेलं, पोरांना काय सांगितलं, यातलं काहीही त्या अंतरावरून दिसत नाही. दिसणारच नाही, अंतरच तसं ठेवलंय.

पण कालोची एक खोड होती. त्याला रिकामी जागा बघवत नसे. पुढच्या भागात त्यानं छावणीचं आयुष्य भरून टाकलं आणि त्यात ज्या गोष्टी कुठल्याही विजयस्मारकात नको असतात त्याही आल्या. तिथं शेतकऱ्यांना नाडणारे शिपाई आहेत, लुटीचे आणि शिक्षेचे छोटे छोटे प्रसंग आहेत, लंगडत चाललेली माणसं आहेत. नखाएवढ्या आकृत्या, पण आहेत. इझाबेलाला त्या दिसल्या का? दिसल्या असतील तर तिला त्यात काही वावगं वाटलं नसावं. फौज म्हटली की हे चालायचंच, असं तेव्हा सगळेच धरून चालत.

चित्र गाजलं. काही वर्षांनी माद्रिदमध्ये वेलास्केसनं ब्रेडाच्या शरणागतीचं ते जगप्रसिद्ध तैलचित्र केलं, ज्यात स्पिनोला हरलेल्या किल्लेदाराच्या खांद्यावर हात ठेवतो. त्यामागचा दूरवर पसरलेला मुलूख रंगवताना वेलास्केससमोर कालोचा कागद होता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

आणि पुढचं बोलावणं आलं ते पॅरिसहून. स्पेनचं काम करणाऱ्याला आता स्पेनच्या प्रतिस्पर्ध्याचं काम. लुई तेराव्याचा मंत्री कार्डिनल रिशेल्यू यानं ला रोशेल हे प्रोटेस्टंटांचं बंदर नमवलं होतं. 1627 ते 1628, चौदा महिन्यांचा वेढा. समुद्रातून इंग्रजांची मदत येऊ नये म्हणून रिशेल्यूनं बंदराच्या तोंडाशी दगडांनी भरलेली जहाजं बुडवून जवळपास दीड किलोमीटरचा बांध घातला. आतल्या सुमारे 27 हजार लोकांपैकी शेवटी साधारण 5 हजार उरले. शहरानं खायला नाही म्हणून बाहेर काढलेल्या बायकापोरांना राजाच्या फौजेनं पलीकडे जाऊ दिलं नाही. ती तट आणि खंदक यांच्या मधल्या जागेत मेली.

कालोनं ला रोशेलचा वेढा काढला आणि शेजारच्या रे बेटावर इंग्रजांना हुसकावल्याचा वेढाही काढला. प्रत्येकी सहा कागद, भोवती विजयाचं वर्णन करणाऱ्या मजकुराची चौकट. समुद्र, जहाजं, बांध, धूर. अप्रतिम काम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ती बघताना माझा एक डोळा सारखा त्या मधल्या जागेकडे जातो, तट आणि खंदक यांच्या मधल्या.

इथं तुम्ही विचाराल, मग हा माणूस भाडोत्री होता का? आज या राजाचं, उद्या त्या राणीचं? त्या काळात चित्रकाराला दुसरा पर्याय फारसा नव्हता, हे एक उत्तर. पण पुरेसं नाही. कालो तेव्हा नावाजलेला होता. जत्रा, नट, भिकारी, संत यांची त्याची छोटी चित्रं हातोहात खपत होती. पॅरिसला त्याचा बालमित्र इझ्राएल आंरिए प्रकाशक होता, तो ती विकत होता. नाही म्हणता आलं असतं. तो हो म्हणाला. कदाचित त्याला ती आव्हानंच आवडली असतील, एवढं मोठं, एवढं अवघड, दुसऱ्या कुणालाही न जमणारं काम. ज्याला एखादी गोष्ट इतरांपेक्षा चांगली येते, त्याला ती करायचा मोह किती अनावर असतो, हे तुमच्यापैकी कोडिंग करणाऱ्यांना, डिझाइन करणाऱ्यांना सांगायला नको. काम कुणाचं आहे, हा प्रश्न नंतर येतो. कधी कधी फारच नंतर.

लोरेनचा ड्यूक शार्ल चौथा हा उतावळा गडी. फ्रान्सविरुद्धच्या कारस्थानांत त्यानं हात घातला आणि रिशेल्यूला निमित्तच हवं होतं. सप्टेंबर 1633 मध्ये फ्रेंच फौज नॅन्सीसमोर आली. वेढा पडला, बोलणी झाली, आणि महिना संपायच्या आत लुई तेरावा कालोच्या गावात विजेता म्हणून शिरला.

पुढची गोष्ट काही दशकांनी एका फ्रेंच कलालेखकानं लिहून ठेवली आणि तेव्हापासून ती सगळे सांगतात. लुईनं कालोला बोलावलं आणि ला रोशेलचा काढलास तसा आता नॅन्सीचा वेढा काढ म्हणून सांगितलं. कालोनं नम्रपणे नकार दिला. आपण लोरेनचे, आपल्या राजाच्या आणि आपल्या मुलखाच्या अब्रूविरुद्ध काही करणं आपल्याला शक्य नाही, असं काहीसं तो म्हणाला. दरबारी खवळले, त्याला भाग पाडू म्हणाले. त्यावर त्यानं सांगितलं की त्यापेक्षा मी माझा अंगठा कापून टाकीन. राजानं रागावण्याऐवजी असे प्रजाजन मिळालेला ड्यूक भाग्यवान म्हणायचा, असं काढलं आणि विषय सोडून दिला.

अंगठ्याची गोष्ट खरी की नंतर रंगवलेली, यावर मी पैज लावणार नाही. आपल्याला एकलव्य पाठ आहे, त्यामुळे अंगठा म्हटलं की आपण लगेच विश्वास ठेवायला तयार होतो. पण एक साधी गोष्ट पक्की आहे. ब्रेडा आहे, रे आहे, ला रोशेल आहे. कालोनं काढलेला नॅन्सीचा वेढा नाही. जगात सगळ्यात चांगले वेढे काढणारा माणूस त्या गावातच राहत होता, गल्लीबोळ पाठ होते, तटाचा कोन न कोन माहीत होता, आणि तो नकाशा झालाच नाही.

याच गावात त्याचा जुना सोबती क्लोद देरुए होता, दरबारी चित्रकार. 1632 मध्ये कालोनं त्याचं आणि त्याच्या मुलाचं सुंदर चित्र कोरलं होतं. देरुएनं नव्या राजाशी जुळवून घेतलं, इतकं की लुईनं 1634 मध्ये स्वतःच्या हातानं देरुएचं चित्र काढलं. देरुएला लगेच फितूर म्हणू नका. घर, मुलंबाळं, गाव सोडून जायचं कुठं? पण दोन मित्र एकाच वर्षी एकाच शहरात दोन वेगळी उत्तरं देतात, ही गोष्ट मला त्या अंगठ्यापेक्षा जास्त खरी वाटते.

त्याच 1633 मध्ये पॅरिसला आंरिएनं कालोची एक नवी मालिका प्रसिद्ध केली. नाव साधारण असं, युद्धाचे हाल आणि दुर्दैवं. अठरा चित्रं, प्रत्येक तुमच्या तळहाताएवढ्या उंचीचं, लांबट. सहा पत्र्यांची भिंत नाही, हातात धरून बघायचे कागद. पहिल्या पानानंतर शिपायांची भरती, मग एक लढाई. आणि तिथून पुढे लढाई संपते. शिपाई एका शेतघरात शिरलेत. एकाला चुलीपाशी उलटं टांगलंय, कोपऱ्यात बायकांना ओढताहेत, पिंपं फोडताहेत. मग मठ जळतो, गाव जळतं, वाटेवर गाडी लुटली जाते. मग पकडले गेलेल्या शिपायांना शिक्षा, एकामागून एक प्रकार. त्यातलंच अकरावं चित्र सगळ्यात प्रसिद्ध. मैदानाच्या मधोमध एक मोठं झाड, आणि त्याच्या फांद्यांना वीसेक माणसं लटकलेली, फळं लागावीत तशी. शिडीवर एक पाद्री पुढच्या माणसाला क्रॉस दाखवतोय. झाडाखाली फासे टाकणं चाललंय. भोवती फौज रांगेत, भाले सरळ, सगळं आखीवरेखीव. त्या रांगा ओळखीच्या वाटतील तुम्हाला. ब्रेडाभोवतीच्या शिस्तीच्या त्याच रेघा आहेत त्या, फक्त आता आपण खाली उतरलोय.

पुढे लंगडे लुळे शिपाई इस्पितळाच्या दारात येतात, काही रस्त्याच्या कडेला मरतात. सतराव्या चित्रात शेतकरी काठ्या आणि कोयते घेऊन शिपायांवर तुटून पडतात. आणि अठराव्यात? राजा सिंहासनावर बसून चांगल्या सैनिकांना बक्षिसं देतो.

हे शेवटचं पान अनेकांना खटकतं आणि खटकायलाच हवं. या मालिकेला सरसकट युद्धविरोधी म्हणायची आज पद्धत आहे. पण नीट बघा, तिची बांधणी सांगते की बेशिस्त शिपायाला शिक्षा आणि शिस्तीच्या शिपायाला इनाम. पत्र्यांवर राजाच्या परवानगीची नोंद आहे, म्हणजे त्याच लुई तेराव्याच्या. नॅन्सी पडल्याच्या रागातून ती जन्मली असंही म्हणता येत नाही, इतकं काम आधीपासूनच चालू असणार. तरीही एकदा तो झाडाचा कागद हातात घेतलात की शेवटच्या सिंहासनाचा फारसा उपयोग होत नाही. जत्रेतल्या हजार माणसांना हजार वेगवेगळे चेहरे देणाऱ्या त्या जुन्या खोडीनंच इथं घात केला. फांदीवरचा प्रत्येक जण वेगळा आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी स्पेनमध्ये गोयानं युद्धाच्या आपत्तींची मालिका केली, तेव्हा तिचं नातं कालोच्या या कागदांशी लावलं गेलं, ते उगीच नाही.

लोरेनचं पुढे वाटोळं झालं. फ्रेंच, स्वीडिश, सम्राटाच्या फौजा आळीपाळीनं येत राहिल्या, वर प्लेग. तीस वर्षांचं युद्ध निवळेपर्यंत त्या मुलखातली निम्म्याहून जास्त माणसं नाहीशी झाली. कालोला हे सगळं बघावं लागलं नाही. पोटाच्या आजारानं तो बरेच दिवस खंगला होता, पत्र्यावर तासन्‌तास ओणवं बसून बसून ते जडलं असं लोक म्हणत. मार्च 1635 मध्ये, त्रेचाळिशीच्या आसपास, तो नॅन्सीत वारला. मागे 1400 हून अधिक चित्रं होती.

ब्रेडाचं म्हणाल तर दोनच वर्षांनी, 1637 मध्ये, डचांनी ते पुन्हा वेढा घालून परत घेतलं. लगोलग नवे नकाशे छापून बाजारात आले. नवी कडी, नव्या छावण्या, नव्या सरदारांची नावं, आणि मधोमध तेच छोटं शहर.

कालोचे बरेचसे मूळ तांब्याचे पत्रे नॅन्सीच्या लोरेन म्युझियममध्ये आजही आहेत. पत्र्यावर सगळं उलटं असतं, लोक उजव्याऐवजी डाव्या हातात भाले धरून उभे असतात. नीट दिसायचं असेल तर पत्रा प्रकाशात तिरपा धरावा लागतो.